शोधनिबंधांची मोजदाद आणि संशोधकाची योग्यता

(ज्ञातिमंडळाच्या अमडापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज आपल्यापुढे उभे केले आहे ते एका विशिष्ट कामासाठी. आपल्या ज्ञातीतील जी मुलेमुली वैद्यकीय व जीवशास्त्रीय संशोधनात पडली आहेत, त्यांच्यापैकी एकास दरवर्षी संमेलनात गौरवावे, असा ठराव मंडळापुढे आला आहे. ठराव स्तुत्य आहे, त्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु निवडीची कसोटी म्हणून मसुद्यात असे घातले आहे की, ज्याचे प्रसिद्ध शोधनिबंध संख्येने अधिक त्यास प्राधान्य द्यावे, आणि संख्या समान भरल्यास ज्याच्या निबंधांचे उल्लेख इतरांनी अधिक वेळा केले असतील त्याची निवड करावी. ही कसोटी कितपत खरी आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे. अमडापूरकरांनी दुपारच्या पंक्तीत ज्या आग्रहाने वाढले, त्यानंतर असा रुक्ष विषय ऐकविणे हा श्रोत्यांवर थोडा अन्यायच आहे. पण त्याचा दोष वक्त्याइतकाच यजमानांकडेही जातो.

हा प्रश्न केवळ एका पारितोषिकाचा असता तर आम्ही इतका वेळ घेतला नसता. आपल्या वधूवर-परिचयाच्या पानांवरून नजर फिरवा. पूर्वी तेथे शिक्षण, नोकरी आणि शेती यांचा उल्लेख असे. अलीकडे ‘चाळीस पेपर प्रसिद्ध’, ‘एच-इंडेक्स नऊ’ असे शब्द दिसू लागले आहेत. मुलीचा बाप ते वाचतो, आणि न समजलेला आकडा मोठा दिसला म्हणून समाधान पावतो. दुसऱ्या घरी एखादी मुलगी पाच वर्षे प्रयोगशाळेत खपून एकच निबंध घेऊन येते, आणि घरची मंडळी विचारतात, ‘एवढ्या दिवसांत एकच?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात माया असते हे खरे. पण तो तिच्या जिव्हारी लागतो हेही तितकेच खरे.

प्रथम ही मोजदाद म्हणजे काय ते पाहू. संशोधकास काही नवे आढळले म्हणजे तो ते निबंधरूपाने शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवितो. संपादक तो निबंध त्याच विषयातील दोन-तीन जाणत्यांकडे परीक्षणास देतो. ते शंका काढतात, पुरावा मागतात, कित्येकदा निबंध परत करतात. या चाळणीतून उतरला तर तो छापला जातो. पुढे दुसरा कोणी त्या विषयावर लिहू लागला, तर आपण कोणाच्या कामाचा आधार घेतला हे तो लेखाच्या अखेरीस नमूद करतो. यास उल्लेख म्हणावे. या उल्लेखांची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली व १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रसिद्ध झाली. मूळ हेतू साधा होता. एखादे मत पुढे कोणी मान्य केले, कोणी खोडले, कोणी पुढे नेले, याचा माग वाचकास काढता यावा. वाणी जशी खतावणी ठेवतो, तशी ही विचारांच्या देवघेवीची खतावणी होती. माणसांना गुण देण्याचे साधन म्हणून ती जन्मास आली नव्हती.

परंतु खतावणी हाती आली की सावकारी सुचते. नियतकालिकांची तुलना करता यावी म्हणून ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ नावाचा आकडा निघाला. मागील दोन वर्षांत एखाद्या नियतकालिकाने छापलेल्या निबंधांचा चालू वर्षात सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो हा आकडा. कोणते नियतकालिक निवडावे हे ठरविण्यास तो उपयोगी होता. पुढे तोच आकडा त्या नियतकालिकात लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळी चिकटविण्यात येऊ लागला. शाळेचा निकाल शेकडा नव्वद लागला, म्हणून त्या शाळेतील प्रत्येक मुलास नव्वद गुण मिळाले असे कोणी म्हणत नाही. येथे मात्र तसे म्हणण्याची रूढी पडली.

त्यानंतर २००५ मध्ये जॉर्ज हर्श या पदार्थवैज्ञानिकाने ‘एच-इंडेक्स’ सुचविला. तो उदाहरणाने सांगतो. एखाद्याचे सात निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे तीस, बारा, सात, पाच, पाच, दोन आणि शून्य इतके झाले आहेत. यांत निदान पाच उल्लेख मिळालेले निबंध पाच आहेत; निदान सहा उल्लेखांचे सहा निबंध मात्र नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स पाच. युक्ती चतुर आहे, कारण नुसत्या रद्दीची रास रचून हा आकडा वाढत नाही. पण दुसरी बाजू पाहा. ज्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्यास हजार उल्लेख मिळाले, त्याचा एच-इंडेक्स एक. आणि ज्याच्या दहा सामान्य निबंधांस प्रत्येकी दहा उल्लेख मिळाले, त्याचा दहा.

आपण वऱ्हाडातील शेतकरी मंडळी आहोत. असा एका आकड्याचा कारभार आपणांस नवा नाही. गावाची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, ती पन्नासच्या आत की बाहेर यावर साऱ्या गावाची सवलत ठरते. नाल्याकाठच्या शेतात कपाशी डोक्याएवढी असते, माळावरच्या शेतात बियाणेही निघत नाही, आणि कागदावर दोघांचा आकडा एकच येतो. पैसेवारी काढूच नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही, कारण सरकारास प्रत्येक धुऱ्यावर जाता येत नाही. परंतु ज्यास एकाच शेताचा निवाडा करावयाचा आहे, त्याने बांधावर जाऊनच पाहावे. आपल्या मंडळापुढे दरवर्षी फार तर आठ-दहा अर्ज येतील. आठ-दहा शेते पाहण्यास पैसेवारीचा आधार कशास पाहिजे?

आता प्रत्यक्ष माणसाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव आपण ऐकले असेलच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाल्यावर ते घरोघर पोहोचले. १९७६ मध्ये हा तरुण डॉक्टर कोकणात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तेथे त्यांनी पाहिले की लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, आणि विशेषेकरून मुले, एक-दोन दिवसांत दगावतात. पाठ्यपुस्तकांतून या मृत्यूंचा उलगडा होईना. तेव्हा त्यांनी रुग्णाच्या खाटेशी रात्रंदिवस बसून नोंदी ठेवण्यास आरंभ केला: घाम केव्हा सुटला, ओकारी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, रक्तदाब केव्हा चढला आणि केव्हा कोसळला, छातीत पाणी केव्हा भरले. विषामुळे शरीरातील एका मज्जासंस्थेत वादळ उठते व त्याचा मारा हृदयावर होतो, हे या नोंदींतून स्पष्ट होत गेले. दंशानंतर हृदयावरचे संकट आधी ओळखता यावे अशा लक्षणांविषयीचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी लिहिले. हे औषध मुळात रक्तदाबावरचे. तोंडाने घेता येते, स्वस्त असते, आणि खेड्यातल्या दवाखान्यात ठेवण्यास अडचण नाही. गंभीर दंशाच्या रुग्णांत पूर्वी शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने शेकडा एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे.

येथे थोडे थांबून विचार करावा. १९८२ साली आपले मंडळ असते, आणि मसुद्यातील कसोटी घेऊन या तरुणाच्या अर्जाकडे पाहते, तर काय दिसले असते? नावावर निबंधांची रास नाही, मोठ्या संस्थेची जागा नाही, पाठीशी प्रयोगशाळा नाही. आणि विषय विंचूदंशाचा. या विषयावर जगात लिहिणारेच मूठभर: भारत, मेक्सिको, ब्राझील, ट्युनिशिया अशा काही देशांतले. जेथे लिहिणारेच थोडे तेथे उल्लेख करणारे तरी कोठून येणार? कर्करोगावर किंवा हृदयविकारावर हजारो लोक लिहितात, म्हणून त्या विषयातील मध्यम प्रतीच्या निबंधासही उल्लेख सहज मिळतात. विंचू चावतो तो अनवाणी शेतमजुरास, भाताच्या पेंढ्यांत हात घालणाऱ्या बाईस, अंगणात खेळणाऱ्या पोरास. त्यांच्या आजारावर श्रीमंत देशांत फारसे कोणी निबंध लिहीत नाही. म्हणजे, ज्या रोगाने गरीब मरतो, त्या रोगावर काम करणारा उल्लेखांच्या खतावणीत मुळातच मागे बसलेला असतो. हा त्या माणसाचा दोष नव्हे, खतावणीचा आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. प्राझोसिनने नाव दिले, तरी या दांपत्याने पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषाची त्याच्याशी जोड घालून पाहिली. सत्तर रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, तो असा की, नुसत्या प्राझोसिनपेक्षा दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो. ज्या औषधाशी आपले नाव जोडले गेले, त्याहून अधिक चांगला मार्ग आहे हे स्वतःच जाहीर करणे, हे कोणत्या इंडेक्समध्ये धरावयाचे?

आपल्याच विदर्भातील दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे खेड्यांतल्या बायकांना शिकवून नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करविली. एकोणचाळीस गावांत हा प्रयोग झाला आणि तुलनेस सत्तेचाळीस गावे ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने शेकडा बासष्टने घटलेले आढळले, आणि त्याचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या निबंधास पुढे जगभर पुष्कळ उल्लेख मिळाले. तेव्हा उल्लेख आणि योग्यता यांचे नेहमीच वाकडे असते असे कोणी समजू नये. परंतु या निबंधाचे खरे फलित पाहावयाचे तर ते दुसरीकडे आहे. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही घरोघरची नवजात-शुश्रूषा समाविष्ट झाली. बाळंतिणीच्या घरी आशाताई तराजू घेऊन येते, बाळाचे वजन करते, अंग गार पडले आहे काय ते पाहते. तिने त्या निबंधाचे नावही ऐकलेले नसेल. तरी ती रोज त्याचा उल्लेखच करीत असते.

कधी कधी जगास जाग येण्यास फार उशीर लागतो. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जंतूंपासून निघणाऱ्या विषाचा शोध १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पटकीच्या रोगाची समजूत पालटणारा तो निबंध. पण कित्येक वर्षे त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. दोन वर्षांच्या उल्लेखांवर निवाडा करणाऱ्या आकड्याने त्यांना कोठे बसविले असते, याची कल्पना करावी. डे १९८५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी गारफील्ड यांनी, म्हणजे ज्यांनी ही खतावणी सुरू केली त्यांनीच, डे यांच्या कार्यावर लेख लिहून त्यांचे श्रेय जगापुढे मांडले. खतावणी वाचणारा जाणता असला तर ती उपयोगी पडते, हेही यावरून दिसते.

याच्या उलट प्रकारही आहेत. १९५१ मध्ये लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिने मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तो निबंध जगात सर्वाधिक उल्लेखिला गेलेला म्हणून गणला जातो. त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले आहेत. रीत सोयीची, प्रत्येक प्रयोगशाळेत लागणारी, म्हणून उल्लेख. वरवंटा प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. म्हणून पाथरवट हा सर्वश्रेष्ठ आचारी ठरत नाही. आणि निंदेचाही उल्लेख उल्लेखांतच जमा होतो. गोवराच्या लशीमुळे मुलांत आत्ममग्नता येते असे सुचविणारा १९९८ चा वेकफील्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, त्यास मिळालेल्या उल्लेखांत पुष्कळसे त्याचे खंडन करणाऱ्यांचे आहेत. यंत्रास शिव्या आणि ओव्या यांतला भेद कळत नाही.

मग मोजदाद टाकूनच द्यावी काय? येथे मात्र आपण सावध असले पाहिजे, आणि हे सांगताना आम्हांस थोडे अप्रिय बोलावे लागणार आहे. संख्या नको म्हटले की तिच्या जागी काय येते? अध्यक्षांचा भाचा येतो. कोषाध्यक्षांच्या व्याह्यांची सून येते. ज्ञातिसंस्थांचा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. जुन्या अहवालांतील पारितोषिकांच्या याद्या आडनावांच्या दृष्टीने एकदा वाचून पाहाव्यात. मोजणीचे एक पुण्य आहे की ती कोणाची सोयरीक पाहत नाही. शिवाय आळसही तिच्यामुळे उघडा पडतो. २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब काही डॉक्टरांनी काढून २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही निबंध निघाला नव्हता, आणि वर्षास शंभरांहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या पंचवीस होत्या. हे मोजले नसते तर कळले नसते.

पण मोजणीवर पोट अवलंबून राहिले म्हणजे मोजणीपुरते पीक निघू लागते. वैद्यकीय महाविद्यालयांतील बढतीस ठराविक संख्येने निबंध आवश्यक ठरले. विद्यापीठांतील अध्यापकांसही निबंधांचे गुण लागू झाले. लगेच पैसे घेऊन, कोणतेही परीक्षण न करता, आठवड्याभरात निबंध छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. नावे मोठी, ‘इंटरनॅशनल’ हा शब्द हटकून, आणि इम्पॅक्ट फॅक्टरही घरीच रांधलेला. पुण्याच्या विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेली १००९ नियतकालिके तपासली. त्यांतील शेकडा अठ्ठ्याऐंशींहून अधिक निकृष्ट वा अपात्र असल्याचे त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नियतकालिके यादीतून काढली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून निवडीचा भार संस्थांवर टाकला. याद्या येतात आणि जातात. वाचण्याचे काम मात्र कोणावर तरी पडतेच.

आपल्या ज्ञातीतील एका मुलास अशाच एका नियतकालिकाचे पत्र आले होते. ‘आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावलो आहोत’ असा मायना, आणि खाली काही हजार रुपयांची मागणी. मुलगा गोंधळला. वडिलांनी ज्वारी विकून पैशांची जुळवाजुळव चालविली होती. सुदैवाने मुलाच्या मार्गदर्शक बाईंनी ते पत्र पाहिले आणि प्रकरण तेथेच थांबले. अशा पैशांनी निबंध छापला गेला तर परतीची वाट उरत नाही; तोच निबंध पुढे चांगल्या नियतकालिकाकडे पाठविता येत नाही, आणि ते नाव जन्मभर यादीत राहते. म्हणून घरच्या मंडळींस विनंती की, असे पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: मार्गदर्शकाने स्वतः या नियतकालिकात कधी लिहिले आहे काय, परीक्षकांचे लेखी शेरे आले आहेत काय, आणि ते नियतकालिक वैद्यकीय ग्रंथालयांच्या नेहमीच्या सूचींत सापडते काय. चांगली नियतकालिकेही कधी कधी छपाईचा खर्च घेतात, म्हणून पैसे मागितले एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. पण परीक्षण न करता पैसे मागितले तर ते खोटेच समजावे.

जगातही हा विचार चालू आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये संशोधक व संपादक यांनी जाहीरनामा काढला की, नियतकालिकाच्या आकड्यावरून त्यात लिहिणाऱ्याची योग्यता ठरवू नये. २०१५ मध्ये लायडेन जाहीरनाम्याने सांगितले की, आकडे जाणत्यांच्या निवाड्यास साहाय्यक असावेत, त्याची जागा त्यांनी घेऊ नये.

तेव्हा मसुद्यात आम्ही पुढीलप्रमाणे दुरुस्ती सुचवितो. अर्जदाराने निबंधांची सारी यादी जोडावी, परंतु निवडीसाठी स्वतःस श्रेष्ठ वाटणारा एकच निबंध पाठवावा. त्यासोबत एका पानावर साध्या मराठीत लिहावे की प्रश्न कोणता होता, उत्तर काय सापडले, त्यात स्वतःचा हात किती होता आणि त्यामुळे कोणाचे काय बदलले वा बदलू शकेल. निबंधावर दहा नावे असतात. प्रयोग कोणी केला आणि नाव कोणाचे आले, हे या पानात स्पष्ट व्हावे. तो निबंध ज्ञातीबाहेरच्या दोन जाणत्यांकडे अभिप्रायास पाठवावा. हे दोघे ज्ञातीबाहेरचे असावेत यावर आमचा विशेष आग्रह आहे, आणि का, ते वर सांगितलेच आहे. उल्लेखांची संख्या पाहण्यास हरकत नाही, पण ती त्याच विषयातील व त्याच वयाच्या संशोधकांशी ताडून पाहावी. आणि ज्या वर्षी योग्य निबंध येणार नाही, त्या वर्षी पारितोषिक देऊ नये. रक्कम शिष्यवृत्ती निधीत जमा करावी.

मराठीतील त्या एका पानाविषयी काही तरुणांनी कुरकुर केली आहे. त्यांचे म्हणणे, आमचा विषय मराठीत सांगता येणारा नाही. त्यांना आम्ही एवढेच सुचवितो की, ते पान प्रथम आपल्या आजीस वाचून दाखवावे आणि तिला जेथे अडेल तेथे खूण करावी. त्या खुणा दुरुस्त करून मगच अर्ज चिटणिसांकडे पाठवावा.